पोटॅशियम: कोणाला, किती आणि किती वेगाने



पोटॅशियम हा क्षार प्रत्येक घरच्या डाळीत, बटाट्यात, पालेभाजीत आणि शहाळ्यात असतो. शरीरात तो कमी पडला तर स्नायू लुळे पडतात आणि हृदयाचा ठेका बिघडतो. तोंडाने योग्य रीतीने दिला तर तीच उणीव भरून निघते. आणि शिरेतून एकदम टोचला गेला तर काही मिनिटांत हृदय थांबते. हे सारे एकाच पदार्थाचे गुण आहेत, आणि तरीही लोकव्यवहारात पोटॅशियमकडे ‘ताकदीचे औषध’ म्हणून पाहिले जाते, जणू जीवनसत्त्वाच्या गोळीप्रमाणे थोडे जास्त झाले तर बिघडत काहीच नाही. बिघडते, आणि फार बिघडते. म्हणून या व्याख्यानाचे प्रतिपादन आरंभीच स्पष्ट करणे योग्य होईल: पोटॅशियमची सर्वांना लागू पडणारी अशी एकच सुरक्षित मात्रा नसते, ती मात्रा घेणाऱ्याची मूत्रपिंडे, त्याची इतर औषधे, देण्याचा मार्ग आणि देण्याची गती यांवरून ठरते, आणि ती बरोबर ठरली की नाही हे केवळ रक्ततपासणीच सांगू शकते.

हे असे का असावे? याचे उत्तर पोटॅशियम शरीरात कोठे राहते, यात आहे. सत्तर किलो वजनाच्या प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३५०० मिलिमोल पोटॅशियम असते. मिलिमोल हे क्षार मोजण्याचे एकक असून एक मिलिमोल पोटॅशियम म्हणजे ३९ मिलिग्रॅम. औषधाच्या बाटलीवर ‘मिलिइक्विव्हॅलंट’ असा शब्द छापलेला असतो, तो पोटॅशियमच्या बाबतीत याच अर्थाचा समजावा. या साठ्यापैकी सुमारे ९८ टक्के भाग पेशींच्या आत असतो आणि पेशींबाहेरच्या द्रवात, ज्यात रक्तातील द्रवही आला, उरतात जेमतेम साठ मिलिमोल. पेशीच्या आत दर लिटरला सुमारे १४० मिलिमोल आणि बाहेर रक्तात ३.५ ते ५, ही तफावत आपोआप राहत नाही. पेशीच्या पटलावर बसलेला एक प्रथिनांचा पंप अखंड ऊर्जा खर्चून तीन सोडियम बाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत ओढतो. डेन्मार्कचे येन्स स्कू यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करून १९५७ साली या पंपाचा शोध प्रसिद्ध केला आणि त्यासाठी त्यांना १९९७ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मज्जातंतूतून संदेश जाणे, स्नायू आखडणे आणि सैल होणे, हृदयाचा प्रत्येक ठोका पडणे, हे सारे व्यवहार या आत-बाहेरच्या तफावतीवर उभे आहेत. त्याही आधी, १८८० च्या दशकात, लंडनचे वैद्य सिडनी रिंगर यांना बेडकाच्या हृदयावरील प्रयोगांत असे दिसून आले होते की नुसत्या मिठाच्या पाण्यात हृदय फार काळ धडधडत नाही, त्या पाण्यात कॅल्शियम आणि पोटॅशियम ठराविक प्रमाणात लागतात, आणि पोटॅशियम प्रमाणाबाहेर गेले की तेच हृदय सैलावलेल्या अवस्थेत थांबते. आजही रुग्णालयात ज्याला ‘आरएल’, म्हणजे ‘रिंगर लॅक्टेट’, म्हणतात त्या सलाईनच्या नावात हे रिंगर आहेत.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेशींबाहेर एकूण साठ मिलिमोल असते असे वर म्हटले. चांगला आहार घेणारा माणूस दिवसभरात जवळपास तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, पोटॅशियम खातो. जागतिक आरोग्य संघटनेने तर प्रौढांसाठी दिवसाला किमान ९० मिलिमोल, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅम, पोटॅशियम आहारातून जावे असे सुचवले आहे. बाहेरच्या साठ्याहून मोठी आवक रोज होते आणि तरी रक्तातील पातळी हलत नाही, कारण जेवणानंतर इन्सुलिन ते पोटॅशियम तात्पुरते पेशींत ढकलते आणि पुढील काही तासांत मूत्रपिंडे जादा भाग लघवीवाटे काढून टाकतात. एकूण उत्सर्जनापैकी सुमारे नव्वद टक्के काम मूत्रपिंडेच करतात. ज्याची ही यंत्रणा शाबूत आहे त्याला केळे, शहाळे किंवा डाळ यांचे भय बाळगण्याचे कारण नाही. ज्याची यंत्रणा थकली आहे त्याच्यासाठी मात्र तोच आहार, तीच बाटली, तीच गोळी निराळी ठरते. विचार येथूनच सुरू व्हावयास हवा.

दुसरा मुद्दा उणिवेचा. सर्वसामान्य आहार घेणाऱ्या माणसात केवळ खाण्यात कमी पडले म्हणून रक्तातील पोटॅशियम घसरले, असे क्वचितच घडते. बहुधा ते कोठून तरी वाहून गेलेले असते. जुलाबात ते आतड्यावाटे जाते. सततच्या उलट्यांत ते मुख्यतः लघवीवाटे जाते, कारण पोटातील आम्ल गेल्याने बदललेल्या परिस्थितीत मूत्रपिंडे ते सोडू लागतात. रक्तदाबासाठी किंवा पायांवरची सूज उतरावी म्हणून दिल्या जाणाऱ्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड, टॉरसेमाइड, या पाण्याबरोबर पोटॅशियमही बाहेर काढतात. दमेकऱ्याला दिलेले सालब्युटामॉल आणि मधुमेह्याला दिलेले इन्सुलिन ते पेशींत ढकलतात. ज्येष्ठमधाचे काढे महिनोन्‌महिने घेतल्यास त्यातील एक घटक मूत्रपिंडांना पोटॅशियम सोडायला लावतो आणि रक्तदाबही वाढवतो. ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी एवढी नोंद अवश्य घ्यावी.

जुलाबातील उणिवेचा इतिहास भारताशी जोडलेला आहे. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून देण्याचे सलाईन संपत आल्यावर ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला आणि असंख्य जीव वाचले. त्या द्रावणात पोटॅशियम नव्हते. आणीबाणीत जे स्वस्त व हाताशी होते त्यातूनच ते सिद्ध झाले होते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने जे प्रमाणित सूत्र स्वीकारले त्यात दर लिटरला दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड घातले गेले आणि २००२ च्या सुधारित सूत्रातही ते कायम आहे. त्यातून लिटरमागे २० मिलिमोल पोटॅशियम मिळते. घरोघरी केले जाणारे मीठ-साखरेचे पाणी निःसंशय उपयोगी आहे, पण त्यात पोटॅशियम नसते, हे जुलाब लांबलेल्या मुलाच्या बाबतीत विसरून चालणार नाही. अशा मुलाला ओआरएसचे पाकीट, आणि पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र छापलेले आहे ना याची खात्री, दोन्ही हवीत. पाकीट लिटरभर पाण्यात घालावयाचे असेल तर ते लिटरभर पाण्यातच घालावे. अर्धे पाकीट पेल्यात अंदाजाने टाकल्यास क्षारांचे सारे प्रमाण बिघडते.

उणीव ओळखायची कशी? अशक्तपणा, बद्धकोष्ठ, पाय जड होणे, छातीत धडधड, आणि उणीव तीव्र असल्यास हातपाय न उचलणे, ही लक्षणे सांगितली जातात व ती खरी आहेत. पण यांतील एकही लक्षण केवळ पोटॅशियमचे नाही. रात्री पोटऱ्यांत गोळे आले की पोटॅशियम कमी झाले, असा ठाम समज घराघरांत आहे. असे गोळे येणाऱ्या बहुतेकांचे पोटॅशियम तपासणीत अगदी योग्य निघते, आणि तपासणी न करता औषधाच्या दुकानातून आणलेली बाटली अशा वेळी उगाच पोटात जाते. उलट, ज्याचे पोटॅशियम खरोखर घसरले आहे त्याला कित्येकदा काहीच जाणवत नाही. लक्षणांवरून संशय घ्यावा, निर्णय घेऊ नये.

एक विलक्षण स्थिती येथे थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. एखादा धडधाकट तरुण रात्री भरपेट भात जेवून झोपतो आणि पहाटे त्याचे पाय हलत नाहीत. तपासणीत पोटॅशियम दोनच्या आसपास. थायरॉइड ग्रंथी अतिसक्रिय असलेल्या काही रुग्णांत असे झटके येतात. या रुग्णाच्या शरीरातून पोटॅशियम गेलेले नसते. ते रक्तातून पेशींत शिरलेले असते आणि काही तासांत आपणहून परत येणार असते. अशा वेळी ‘फारच कमी आहे’ म्हणून भराभर पोटॅशियम दिले, तर दिलेले आणि परतलेले अशा दोन्हींची भर पडून पातळी धोकादायकरीत्या वर जाते. म्हणजे आकडा एकच, पण त्यामागचे कारण वेगळे असेल तर उपचाराची मात्राही वेगळी असते.

आता तिसऱ्या मुद्द्याकडे, म्हणजे औषधाकडे, वळावे. तोंडाने घेण्याचा मार्ग शक्य असेल तेथे तोच निवडावा, कारण आतड्यातून शोषण सावकाश होते आणि शरीराला सावरायला वेळ मिळतो. पोटॅशियम क्लोराईडचे जे सिरप भारतात सर्रास मिळते त्याच्या १५ मिलिलिटरमध्ये साधारणपणे २० मिलिमोल पोटॅशियम असते, म्हणजे सुमारे ७८० मिलिग्रॅम, जवळपास दोन मध्यम केळ्यांइतके. प्रतिबंधासाठी दिवसाला सुमारे २० मिलिमोल आणि उपचारासाठी ४० ते १०० मिलिमोल, एका वेळी २० हून अधिक नाही, असा प्रौढांसाठीचा सर्वसाधारण दंडक आहे. मूत्रपिंडे ठीक असताना आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच तो लागू होतो, हे पुन्हा सांगणे आवश्यक आहे. रक्तातील पातळी ४ वरून ३ वर आली तर एकूण साठ्यातून दोनशे ते चारशे मिलिमोल गेलेले असू शकतात, म्हणून तूट एका दिवसात भरून निघत नाही, आणि भरून काढण्याची घाईही करू नये.

मग दोन केळीच का खाऊ नयेत? प्रतिबंधासाठी आहार केव्हाही उत्तम. परंतु उलट्यांमुळे किंवा लघवीच्या गोळ्यांमुळे उणीव आलेल्या माणसात पोटॅशियमबरोबर क्लोराईडही गेलेले असते, आणि फळे-भाज्यांतील पोटॅशियम मुख्यतः इतर आम्लांच्या क्षारांच्या रूपात असते. क्लोराईड परत मिळाल्याखेरीज मूत्रपिंडे पोटॅशियम धरून ठेवत नाहीत. म्हणून अशा वेळी पोटॅशियम क्लोराईडच हवे. याउलट मूतखड्यासाठी किंवा मूत्रपिंडाच्या नलिकांच्या काही विकारांत पोटॅशियम सायट्रेट दिले जाते. लघवीची जळजळ थांबावी म्हणून दुकानातून आणल्या जाणाऱ्या काही सिरपांतही पोटॅशियम सायट्रेट असते, आणि ते घेणाऱ्याला आपण पोटॅशियम घेत आहोत याची कल्पनाही नसते.

घेण्याची रीत साधी आहे, पण तीच बहुधा चुकते. सिरप बाटलीच्या टोपणात ओतून तसेच गिळू नये; मापाच्या कपाने मोजून, पेलाभर पाण्यात मिसळून, जेवणानंतर, हळूहळू घोट घेत प्यावे, कारण घट्ट द्रावण जठराला झोंबते आणि मळमळ आणते. स्वयंपाकघरातला चमचा मापाला चालत नाही, कारण चमच्याचमच्यात फरक असतो. सावकाश विरघळणारी गोळी चावू नये, कुटू नये. भरपूर पाण्याबरोबर बसून किंवा उभ्याने घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये. ही सूचना केवळ शिष्टाचाराची नाही. १९६० च्या दशकात, आतड्यात पोचल्यावर एकदम विरघळणाऱ्या आवरणाच्या पोटॅशियम गोळ्यांमुळे लहान आतड्यात व्रण पडून आतडे आकुंचन पावल्याची व फुटल्याचीही प्रकरणे पाश्चात्त्य देशांत उघडकीस आली आणि त्या गोळ्या मागे पडल्या. अमेरिकेतील नातेवाईक जी पूरक गोळ्यांची बाटली घेऊन येतात तिच्यावर बहुधा ९९ मिलिग्रॅम हा आकडा असतो, त्यामागे हाच इतिहास आहे. एवढ्या मात्रेत केळ्याच्या चौथ्या हिश्श्याइतके पोटॅशियम असते. तिने खरी उणीव भरून निघत नाही, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाने तीही विचारल्याविना घेऊ नये.

औषध नियमित घेऊनही पातळी वर येत नसेल तर? तर मॅग्नेशियम तपासावे. मॅग्नेशियम कमी असताना मूत्रपिंडातील पोटॅशियमच्या वाटा मोकळ्या राहतात आणि दिलेले पोटॅशियम लघवीतून निघून जाते. अशा रुग्णाला बाटल्यांवर बाटल्या देण्यात अर्थ नसतो.

शिरेतून देण्याचा मार्ग मात्र वेगळा विचार मागतो, आणि येथे व्याख्यान थोडे रेंगाळणार आहे. पोटॅशियम क्लोराईडचे अ‍ॅम्प्यूल १० मिलिलिटरचे असते, रंगहीन, आणि त्यात २० मिलिमोल पोटॅशियम असते. रक्तातील द्रवभाग सुमारे तीन लिटर. हे अ‍ॅम्प्यूल थेट शिरेत रिकामे केले तर हृदयाकडे जाणाऱ्या रक्तात पोटॅशियमची पातळी क्षणार्धात दुपटीहून अधिक होते, आणि हृदयाला तेवढे पुरे असते. म्हणून हे इंजेक्शन पातळ न करता कधीही द्यावयाचे नसते. साध्या शिरेतून देताना लिटरमागे ४० मिलिमोलपर्यंत आणि तासाला १० मिलिमोलपर्यंत, ही सामान्य मर्यादा आहे, आणि त्याहून वेगाने देणे भाग पडले तर ते मोठ्या शिरेतून, अतिदक्षता विभागात, ईसीजी सतत समोर ठेवूनच. शक्य तेथे ते ग्लुकोजच्या सलाईनऐवजी मिठाच्या सलाईनमधून द्यावे, कारण ग्लुकोजमुळे इन्सुलिन स्रवते आणि पोटॅशियम आणखी खाली जाते.

आता रात्रपाळीतील परिचारिकेच्या हाताकडे पाहावे. ट्रेमध्ये प्रतिजैविकाची पूड विरघळवण्यासाठी ठेवलेले निर्जंतुक पाण्याचे अ‍ॅम्प्यूल आहे आणि त्याच्याच शेजारी पोटॅशियमचे. आकार सारखा, द्रव सारखाच पारदर्शक, अक्षरे बारीक. या साधर्म्यातून जगभर मृत्यू घडले आहेत. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संयुक्त आयोगाने १९९८ साली आपली धोक्याच्या इशाऱ्यांची मालिका सुरू केली तेव्हा पहिलाच इशारा पोटॅशियम क्लोराईडविषयी होता आणि त्याचा गाभा असा होता की ही तीव्र द्रावणे वॉर्डातील कपाटातून हलवावीत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००७ साली रुग्णसुरक्षेच्या उपायांत याचा समावेश केला. यात दोष परिचारिकेच्या माथी मारून प्रश्न सुटत नाही. अ‍ॅम्प्यूल वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या रंगाच्या चिठ्ठीसह, कुलपात ठेवणे आणि देण्यापूर्वी दुसऱ्या व्यक्तीने वाचून खात्री करणे, ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे. आणखी एक बारकावा: स्टँडला टांगलेल्या सलाईनच्या बाटलीत वरून पोटॅशियम सोडले आणि बाटली उलटसुलट करून नीट मिसळली नाही, तर ते जड द्रावण तळाशी साचते आणि पहिल्या काही मिनिटांतच घट्ट स्वरूपात शिरेत उतरते. कागदावर मात्रा बरोबर, गतीही बरोबर, आणि तरी रुग्णाला धोका. म्हणून आधी बाटली उतरवावी, औषध घालावे, अनेकदा उलटी करून मिसळावे, वर चिठ्ठी लावावी, मगच टांगावी.

चौथा मुद्दा, पोटॅशियम कोणाला देऊ नये. मूत्रपिंडे अशक्त झालेल्या रुग्णाला, आणि मधुमेह व रक्तदाब जडलेल्या वयस्कांपैकी पुष्कळांची मूत्रपिंडे त्यांच्या नकळत अशक्त झालेली असतात. शिवाय रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन ही रक्तदाबाची व हृदयाची उत्तम औषधे पोटॅशियम शरीरात रोखून धरतात. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेले डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन, लघवीच्या संसर्गासाठीचे कोट्रायमॉक्साझोल, हीही तेच करतात. एकेक औषध सोसते, तीन एकत्र आली की सोसत नाहीत. हृदय दुर्बल झालेल्यांना स्पायरोनोलॅक्टोनने आयुष्य लाभते हे १९९९ साली एका चाचणीत सिद्ध झाल्यावर कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात त्याचा वापर झपाट्याने वाढला. त्या औषधाचे यश खरे होते, पण आधीच रॅमिप्रिलच्या गटातील औषध घेणाऱ्या हृदयरुग्णांत पोटॅशियम वाढल्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होते ते २००१ मध्ये ११ झाले. त्या चाचणीत रुग्ण निवडून घेतले होते आणि त्यांचे रक्त वारंवार तपासले जात होते. बाहेर तसे झाले नाही.

कमी सोडियमचे मीठ ही याच प्रश्नाची घरातली बाजू. त्यातील सोडियम क्लोराईडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराईड घातलेले असते. चीनमधील सहाशे खेड्यांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराईड असलेल्या मिठामुळे पक्षाघाताचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी घटले, आणि हा फायदा मोठा आहे. परंतु मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना त्या चाचणीत घेतलेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली अशा मिठाची शिफारस करतानाही मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि मुले यांना वगळले. एका घरात मीठ एकच असते. आजोबा डायलिसिसवर असतील तर त्या घरात हे मीठ येता कामा नये.

आणि शहाळे. रुग्णाला भेटायला जाताना दोन शहाळी न्यावीत, ही महाराष्ट्रातील आणि गोव्यातील मायेची रीत आहे, आणि तापातून उठलेल्याला ते पाणी खरोखर बरे वाटते. पण एका मोठ्या पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात पंधरा मिलिमोलच्या आसपास पोटॅशियम असू शकते. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत ज्याला लघवी जवळजवळ होतच नाही अशा माणसाने दोन-तीन शहाळी प्यायली, तर ते पोटॅशियम बाहेर जायला वाटच नसते. वाढलेले पोटॅशियम पुष्कळदा कोणतीही सूचना देत नाही. पहिले लक्षण हृदयाचा ठोका चुकणे हेच असू शकते. नेणाऱ्याने फक्त नातलगाला विचारावे: यांना चालते का?

शेवटचा मुद्दा तपासणीचा. रक्त घेताना दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला, मूठ वारंवार उघडझाप करायला लावली, किंवा नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत लाल पेशी फुटल्या, तर आत दडलेले पोटॅशियम बाहेर येते आणि अहवालात खोटा फुगलेला आकडा छापला जातो. म्हणून अनपेक्षित आकडा आला तर ईसीजी काढून नमुना तातडीने पुन्हा पाठवावा. आणि घरी गेल्यावर? रुग्णालयातून सुटी मिळताना कागदावर ‘पोटॅशियम सिरप, दिवसातून तीनदा’ असे लिहिलेले असते. किती दिवस, हे बहुधा लिहिलेले नसते. जुलाब थांबलेले असतात, लघवीची गोळी बंद झालेली असते, आणि सिरप मात्र जुन्या चिठ्ठीवर महिना-महिना चालू राहते. या एका कागदावर तीन गोष्टी लिहिल्याच पाहिजेत: सिरप कशासाठी दिले, ते कोणत्या तारखेला थांबवायचे, आणि पोटॅशियम व मूत्रपिंडांचे काम दाखवणाऱ्या क्रिअ‍ॅटिनिनची पुढची तपासणी कोणत्या तारखेला. लिहिलेल्या नसतील तर रुग्णाच्या घरच्यांनी कागद हातात घेऊन, दवाखान्याच्या दारातून बाहेर पडण्यापूर्वी, त्या लिहून मागाव्यात.